मूल वाढवण्याचा खेळ मराठीत लिहिताना

चित्रं नाहीत, आवाज नाहीत, फक्त शब्द. चार-सहा ओळींचा प्रसंग वाचायचा, खाली दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडायचा आणि पुढे काय घडलं ते वाचायचं. अशा शब्दखेळात खेळणाऱ्याच्या हाती तान्हं बाळ द्यायचं आणि ते अठरा वर्षांचं होईपर्यंतचे निर्णय त्याच्यावर सोपवायचे. हा खेळ लिहायला संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही. बालवाडीच्या ताई, शाळेतले समुपदेशक, पालकसभा घेणारे शिक्षक आणि लिहिण्याची हौस असलेलं कुणीही तो तयार करू शकतं. पालकसभेत तासभराच्या भाषणाने जे होत नाही, ते अशा वीस मिनिटांच्या खेळाने होऊ शकतं, कारण इथे पालक ऐकत नाही, निर्णय घेतो.

या प्रकाराला जुनी परंपरा आहे. पीटर फावारो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रचलेला ‘ऑल्टर इगो’ हा खेळ ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ने 1986 साली बाजारात आणला. जन्मापासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य त्यात सात टप्प्यांत जगायचं असतं, आणि जवळजवळ सगळं शब्दांत. जपानमधल्या ‘प्रिन्सेस मेकर’मध्ये (1991) दहा वर्षांच्या मुलीला अठरापर्यंत वाढवायचं असतं. 2018 सालच्या ‘चायनीज पेरेंट्स’मध्ये सगळी धाव चीनमधल्या महाविद्यालय प्रवेशपरीक्षेच्या दिशेने असते. या दोन्ही खेळांत चित्रं आहेत, पण हिशेब तोच. अमेरिकेत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ‘माय व्हर्च्युअल चाइल्ड’ नावाचा खेळ अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वापरला गेला. लिहायला बसण्याआधी यांतला एखादा जरूर खेळून पाहा.

खेळताना एक गोष्ट लक्षात येईल. बरेचसे खेळ मुलाला मातीचा गोळा समजतात: अभ्यास दिला की बुद्धी वाढली, व्यायाम दिला की ताकद वाढली. असा खेळ पालकाच्या डोक्यात चुकीचं गणित पक्कं करतो. मूल वाढवण्याचा चांगला खेळ तोच, ज्यात मूल ‘नाही’ म्हणू शकतं. पुढच्या सगळ्या सूचना या एका मुद्द्याभोवती आहेत.

आधी घर ठरवा

‘एक कुटुंब’ असं मोघम घर घेतलंत, तर प्रसंगही मोघमच सुचतील. घर नेमकं करा. डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर, दोघंही लोकलने कामाला जाणारे, बाळ आजीकडे. किंवा बीड जिल्ह्यातलं ऊसतोड करणारं जोडपं: दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायचं, तेव्हा मुलीला गावात आजीकडे ठेवायचं की सोबत न्यायचं? सोबत नेली तर शाळा बुडते, मागे ठेवली तर सहा महिने ती आई-बापाविना राहते. किंवा न्यू जर्सीतलं मराठी घर, जिथे मूल सहाव्या वर्षापासून मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देऊ लागतं. ज्या घराची सकाळ तुम्हाला डोळे मिटून सांगता येते, तेच घर निवडा.

मुलाला स्वभाव द्या

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने 1956 साली न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या उपजत स्वभावाचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास सुरू केला. त्यांना ढोबळमानाने तीन प्रकार दिसले. सुमारे 40 टक्के मुलं सहज जुळवून घेणारी, सुमारे 10 टक्के हट्टी आणि चटकन बिथरणारी, तर सुमारे 15 टक्के हळूहळू खुलणारी. उरलेली मुलं कुठल्याच एका गटात नीट बसली नाहीत. त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष असा, की स्वभाव चांगला किंवा वाईट नसतो. तो घराशी जुळतो की नाही, यावर बरंच काही ठरतं.

खेळासाठी हे वरदान आहे. सुरुवातीलाच यांतला एक स्वभाव खेळाने गुपचूप निवडावा आणि खेळणाऱ्याला सांगू नये. त्याला तो बाळाच्या वागण्यावरून ओळखावा लागेल, जसा खऱ्या पालकाला लागतो. मग एकाच निर्णयाचं फळ प्रत्येक वेळी वेगळं मिळतं. लग्नाच्या गर्दीत बाळाला मावशीच्या कडेवर दिलं, तर सहज जुळवून घेणारं बाळ तिची माळ ओढत बसेल, बिथरणारं बाळ मंडप डोक्यावर घेईल आणि हळू खुलणारं बाळ तासभर तोंड लपवून शेवटच्या पाच मिनिटांत हसेल. ‘मागच्या वेळी हाच पर्याय बरोबर होता’ असा ठोकताळा मग चालत नाही.

प्रसंगांची निवड

वयाच्या काही खुंट्या पक्क्या असतात. त्या आधी ठोकून घ्या: बारसं, जन्मानंतरच्या लशी आणि पुढे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशी, सहा महिन्यांनंतर वरचं अन्न आणि उष्टावण, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस, तिसऱ्या वर्षाच्या आसपास अंगणवाडी किंवा बालवाडी, सहाव्या वर्षी पहिली, मग दहावी, अकरावीचा प्रवेश, बारावी आणि अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क. कायद्याच्या बाबी तपासूनच लिहा. 2009 सालच्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि त्याच कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत मारायला बंदी आहे. ‘बाईंनी छडी मारली’ असा प्रसंग लिहिलात, तर पालकासमोर तक्रारीचा खरा मार्गही असला पाहिजे.

खुंट्यांच्या मधल्या जागेत लहान प्रसंग भरा, कारण मूल खरं तिथेच घडतं. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची (1935) रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेलं आहे. बहुतेक रात्री एका लहानशा घटनेच्या आहेत, आणि तरी शेवटी एक संपूर्ण बालपण उभं राहतं. तुमच्या खेळाची मांडणीही अशीच सुट्या, स्वयंपूर्ण प्रसंगांची असू द्या.

प्रसंग निवडण्याची कसोटी सोपी आहे. शहाणासुरता माणूस एका फटक्यात उत्तर देऊ शकत असेल, तर तो प्रसंग बाद. ‘ताप आलाय, डॉक्टरकडे न्यायचं की नाही?’ यात निवड नाही. ‘ताप आलाय, आज रजा घेतली तर दिवसाचा पगार कापला जाईल, आजी म्हणतेय मी बघते’ यात आहे. दोन्ही बाजूंना काहीतरी मोलाचं असलं, तरच खेळणाऱ्याचं बोट पडद्यावर थबकतं.

एक प्रसंग पूर्ण लिहून

नमुन्यादाखल हा प्रसंग पाहा.

*वय 8. रविवारची दुपार. वह्यांना कव्हरं घालायला तुम्ही दप्तर उघडता. तळाशी एक नवाकोरा खोडरबर आहे, आंब्याच्या आकाराचा, वासाचा. तुम्ही तो आणलेला नाही. अनू दारात उभी आहे. ती तुमच्या हाताकडे बघतेय आणि एक पाय दुसऱ्या पायावर घासतेय.*

*पर्याय 1: ‘हा कुणाचा गं?’*
*पर्याय 2: ‘उद्या शाळेत जाऊ. बाईंसमोरच विचारू.’*
*पर्याय 3: खोडरबर होता तिथे ठेवून दप्तर बंद करा.*

पहिला निवडला तर: *ती बराच वेळ गप्प. मग म्हणते, ‘ईशाकडे तीन आहेत.’ तुम्ही काही बोलत नाही. ‘मी उद्या देऊन टाकीन. पण तू नको येऊस.’*

दुसरा निवडला तर: *बाईंसमोर ती लगेच कबूल करते. ईशाला खोडरबर परत मिळतो. घरी येताना अनू तुमचा हात धरत नाही.*

तिसरा निवडला तर: *मंगळवारी दप्तरात खोडरबर नसतो. त्याचं काय झालं ते तुम्हाला कळत नाही. त्या रात्री जेवताना ती नेहमीपेक्षा जास्त बोलते.*

तिन्ही उत्तरांत ‘शाब्बास’ नाही की ‘चुकलात’ नाही. दुसऱ्या पर्यायानेही वस्तू परत जाते आणि खरं बोलणं घडतं, पण हात सुटतो. तिसरा पर्याय निष्काळजीपणाचा आहे की विश्वासाचा, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. परिणाम लिहिताना मुलाच्या मनात काय चाललंय ते सांगू नका. मूल काय करतं तेवढंच दाखवा. पालकाला तरी दुसरं काय दिसत असतं?

आता या प्रसंगाचं फळ सहा वर्षांनी येऊ द्या. अनू चौदाची आहे आणि तिच्या हातून मोबाइलची काच फुटली आहे. पुरेसा विश्वास साठला असेल, तर ती संध्याकाळी येऊन म्हणेल, ‘एक सांगायचंय. आधी ओरडू नकोस.’ नसेल, तर तीन दिवसांनी फोन कपाटातल्या कपड्यांखाली सापडेल. आणि तिचा स्वभाव हळू खुलणारा असेल, तर विश्वास भरपूर असूनही ती एक दिवस उशिरा सांगेल. चौदाव्या वर्षीच्या प्रसंगाची मुळं आठव्या वर्षी आहेत, हे खेळ कुठेही बोलून दाखवणार नाही. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला ते आपोआप कळेल.

पडद्यामागचे आकडे

त्यासाठी खेळाला हिशेब ठेवावा लागतो. सुरुवातीला पाच आकडे पुरतात: विश्वास, धीटपणा, तब्येत, घरची पुंजी आणि पालकाची दमणूक. प्रत्येक आकडा 0 ते 10 च्या दरम्यान ठेवा, सुरुवात 5 पासून. एका निर्णयाने एक-दोन आकडे एकाने हलावेत, त्याहून जास्त नको. खोडरबराच्या पहिल्या पर्यायाने विश्वास 1 ने वाढेल, दुसऱ्याने धीटपणा 1 ने वाढून विश्वास 1 ने घटेल. मोबाइलच्या प्रसंगात विश्वास 6 किंवा जास्त आहे का, एवढंच तपासायचं.

हे आकडे खेळणाऱ्याला दाखवू नका. दिसले की तो मुलाकडे बघायचं सोडून आकडे वाढवायच्या मागे लागतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकाने पालकांचं तेच होतं, ते खेळात पुन्हा नको.

पाचवा आकडा सगळ्यांत मोलाचा. दमणूक 8 च्या वर गेली, की शांतपणे विचारण्याचा पर्याय दिसावा, पण निवडता येऊ नये. ‘ट्वाइन’ या साधनात केलेल्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ (2013) या खेळाने ही युक्ती परिणामकारकपणे वापरली आहे: काही पर्याय खोडलेले दिसतात, वाचता येतात, घेता येत नाहीत. योग्य काय ते ठाऊक असूनही करण्याचं त्राण नसणं, हा पालकपणाचा रोजचा अनुभव आहे. दमणूक कमी करणारे प्रसंगही ठेवा: शेजारणीने दोन तास मूल सांभाळलं, मामा सुट्टीत घेऊन गेला. मूल एकट्यादुकट्याने वाढत नाही, हे अशा प्रसंगांतून उपदेश न करता पोचतं.

फाटे आवरायचे कसे

नवखा लेखक इथेच थकतो. वर्षाला फक्त एक निर्णय आणि दोन पर्याय धरले, आणि प्रत्येक पर्यायाची कथा वेगळी चालवली, तर अठराव्या वर्षापर्यंत 2,62,144 वाटा होतात. उपाय एकच: प्रसंगाचे फाटे फुटू द्या, पण पुढच्या प्रसंगाला सगळे पुन्हा एका जागी आणा. फरक कथानकात न ठेवता आकड्यांत आणि स्वभावात साठवा. मग तेच अठरा निर्णय 18 प्रसंग आणि 36 परिणाम मिळून 54 पानांत बसतात.

पहिल्या खेळासाठी 22 प्रसंग पुरेत: तिसऱ्या वर्षापर्यंत पाच, सहापर्यंत तीन, बारापर्यंत सहा आणि अठरापर्यंत आठ. बारा वर्षांपर्यंत प्रत्येक प्रसंगाला तीन पर्याय द्या, नंतर दोन, आणि शेवटच्या दोन प्रसंगांना एकही नको. सगळी मिळून 76 पानं होतील. प्रसंग 80 शब्दांचा आणि परिणाम 50 शब्दांचा धरला, तर मजकूर साडेचार हजार शब्दांच्या आसपास जातो. स्वभावानुसार बदलणारी वाक्यं वेगळी.

वय वाढतं तसे पर्याय कमी करा

हे सुचवण्यामागे जागा वाचवण्यापलीकडचं कारण आहे. दोन वर्षांच्या मुलाने काय खावं, कुठे जावं, केव्हा झोपावं हे सगळं पालक ठरवतो. दहाव्या वर्षी मूल अटी घालू लागतं. सोळाव्या वर्षी निर्णय मुलाचा असतो आणि पालकाकडे उरतो तो फक्त प्रतिसाद. खेळाची घडणही तशीच ठेवा. आधी ‘तुम्ही काय कराल?’, मग ‘अनूने असं ठरवलंय, तुम्ही काय म्हणाल?’, आणि शेवटी नुसतं वाचणं. अकरावीला तिने कला शाखा घ्यायची की विज्ञान, हा पर्याय पालकाच्या हाती देऊच नका. तिने फॉर्म भरला आहे. तुम्ही सही कशी करता, तेवढंच विचारा.

शेवटाला गुण नकोत, ‘उत्तम पालक’ असं प्रशस्तिपत्रक नको, आणि अनू डॉक्टर झाली की बेकार राहिली याचा निकालही नको. अठरा वर्षांच्या मुलीची एक संध्याकाळ लिहा: ती घरी काय सांगते, काय सांगत नाही, कुणाला फोन करते. साठलेले आकडे आणि स्वभाव यांवरून त्या संध्याकाळची चार-पाच रूपं तयार होतील. तेवढं पुरेसं आहे.

मराठी लिहिताना

खेळणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणा. ‘तुम्ही विचारता’, ‘तुम्ही गेलात’ या रूपांत आई आणि बाप दोघंही सामावतात. मुलाचं तसं होत नाही. ‘आला-आली’, ‘माझा-माझी’ प्रत्येक वाक्यात बदलावं लागतं. त्यामुळे पहिल्या खेळात मुलगा की मुलगी ते ठरवून टाका आणि नावही तुम्हीच द्या. फावारोच्या ‘ऑल्टर इगो’च्याही पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी दोन स्वतंत्र आवृत्त्या होत्या.

घरातल्या माणसांना त्यांची बोली द्या. आजी, बाई, शेजारी आणि चौदा वर्षांची मुलगी एकाच प्रमाण भाषेत बोलली, तर घर उभं राहत नाही.

साधन आणि काम

ख्रिस क्लिमस यांनी 2009 साली तयार केलेलं ‘ट्वाइन’ हे मोफत आणि मुक्तस्रोत साधन या कामाला उत्तम आहे. ट्वाइनरी डॉट ऑर्ग या संकेतस्थळावरून ते उतरवून घ्या. प्रत्येक प्रसंगाची एक चौकट असते, आणि दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिले की त्या नावाची पुढची चौकट आपोआप तयार होऊन बाणाने जोडली जाते. देवनागरी सरळ टंकता येते. आकड्यांचा हिशेब, अट तपासणं आणि यादीतून एखादी गोष्ट आपोआप उचलणं या तीन आज्ञा शिकल्यात, की या लेखातलं सगळं करता येतं. तयार खेळ एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मिळतो आणि फोनच्या ब्राउझरवर चालतो. ‘इच डॉट आयओ’वर तो विनामूल्य ठेवता येतो. अक्षरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ फाँट घेता येईल. ओळींत अंतर जरा जास्त ठेवा, म्हणजे मात्रा आणि उकार एकमेकांत अडकणार नाहीत. ट्वाइन ब्राउझरमध्येच वापरत असाल, तर रोज काम संपलं की प्रत उतरवून ठेवा. ब्राउझरची साठवण पुसली गेली तर सगळं जातं.

पण संगणक उघडण्याआधी पाच प्रसंग कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, जमिनीवर मांडा आणि एखाद्या पालकाला वाचून दाखवत खेळा. तो कुठे अडखळतो, कुठे न वाचताच बोट ठेवतो, ते टिपा. न वाचता निवडलेला प्रसंग बदला. एकदा एखाद्या आजीबरोबर खेळा आणि एकदा पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर. ‘आमच्या घरी असं कुणी बोलत नाही’ हे सर्वांत आधी तो मुलगाच सांगेल.

आणखी दोन पथ्यं. स्वतःच्या किंवा ओळखीच्या मुलाची खरी घटना जशीच्या तशी घेऊ नका. तपशील बदला, आणि मूल मोठं असेल तर त्याला विचारा. छळ, मारहाण, लैंगिक अत्याचार असे विषय घेतलेत, तर त्याच पानावर चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक द्या. वाचणाऱ्याला त्याची खरोखर गरज असू शकते.

मराठीत पालकत्वावर पुस्तकं आहेत, व्याख्यानं आहेत, सल्ल्यांना तर तोटाच नाही. पालकाच्या हाती निर्णय देऊन त्याला क्षणभर थांबवणारं लेखन मात्र आपल्याला आणखी हवं आहे. या रविवारी एकच प्रसंग लिहा, तीन पर्यायांसह, आणि तो दोन-तीन पालकांसमोर ठेवा. त्यांचं एकमत झालं नाही, तर तुमचा खेळ सुरू झाला आहे. उरलेले एकवीस प्रसंग तेच तुम्हाला सांगतील. वही हाताशी ठेवा.